आमच्या काठाला कोणतं केंद्र लागतं?

डिसेंबरातली पहाट होती. बचत गटाच्या कामासाठी उजनीच्या काठावरच्या एका गावी मुक्काम पडला होता. बाहेर धुकं इतकं की अंगणातली म्हैस दिसत नव्हती, नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. घरातल्या सूनबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या, सासूबाई पांघरूण घेऊन भिंतीला टेकल्या होत्या आणि देवळीत रेडिओ लागला होता. कीर्तन चाललेलं. बुवांनी जनाबाईची गोष्ट रंगात आणली. जनाबाई दळायला बसली, देव जवळ आला, जात्याच्या खुंट्याला त्यानं हात लावला आणि म्हणाला... एवढ्यात एका बाईंचा ठणठणीत आवाज आला, "आता यात दोन चमचे डाळीचं पीठ घाला!"

मला हसू आवरेना. सासूबाई मात्र भडकल्या. "तूच हलवला आसशील काटा!"

"आवो आत्याबाई, हात पिठात हायेत माझे. आपल्या आपन बदलतंय ते."

सासूबाई उठल्या, रेडिओ देवळीतनं काढून खिडकीत ठेवला. पालकाची भाजी गेली, बुवा परत आले. सूनबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "रोजचंच हाय ताई हे. थंडीत तर जास्तच. मला ती भाजीवाली ऐकायची आसती, आत्याबाईंना बुवा. आन् दोघंबी एकाच आकड्यावर."

एकाच आकड्यावर दोन केंद्रं कशी? मी कला शाखेची पदवीधर, शास्त्राशी माझा संबंध दहावीत संपला. पण ही गोष्ट डोक्यातून जाईना. पुढच्या दोन महिन्यांत काठावरच्या ज्या ज्या गावी गेले, तिथे बायकांना विचारत सुटले, "तुमच्याकडे रेडिओ लागतो का? कोणतं केंद्र?" उत्तरं ऐकून थक्क झाले. कुणी सांगे, सकाळी लागतं, नऊनंतर जातं. कुणी म्हणे, पडवीत एक लागतं आणि आत दुसरं. एकीने तर सांगितलं, "मोटार चालू आसली की आमच्यात कुठलंच लागत न्हाई, नुसती खरखर."

शहरातल्या माझ्या मैत्रिणी म्हणतात, अगं, आता रेडिओ कोण ऐकतं? मोबाईलवर सगळं आहे. त्यांना काय सांगणार! घरात मोबाईल दोन असले तरी एक धन्याच्या खिशात आणि दुसरा मुलाच्या हातात. टीव्ही बाहेरच्या खोलीत. बाई स्वयंपाकघरात, गोठ्यात, नाहीतर केळीच्या बागेत. तिचे हात मोकळे नसतात, डोळे मोकळे नसतात, कान तेवढे मोकळे. खिळ्याला अडकवलेला दोनतीनशे रुपयांचा रेडिओ ही तिची एकटीची वस्तू. त्याला कुणी हात लावत नाही, कारण बाकी कुणाला तो नकोच असतो.

माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकात, तो सगळ्यांना हवा असायचा. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या लागल्या की वडील दाढी थांबवून ऐकायचे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. मिडियम वेव्हवर ७९२ हा त्याचा आकडा आणि शंभर किलोवॅट ताकद. इकडच्या गावांत ते खणखणीत लागायचं. सोलापूर आमचं हक्काचं, जिल्ह्याचं केंद्र, पण त्याचा आकडा १६०२ आणि ताकद एक किलोवॅट. काटा पार उजव्या टोकाला नेऊन भिडवायचा तेव्हा कुठे सोलापूर सापडायचं. तेही दिवसा. दिवस मावळला की त्यावर कुठल्या कुठल्या परक्या भाषा चढायच्या. आई म्हणायची, "रात्री हवेत भुतं फिरतात, तीच बोलतात." मला ते बरीच वर्षं खरं वाटत होतं!

रेडिओ आणि खेडं यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला होता. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. गावात जमून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्याची जगभर वाखाणणी झाली. पुढे आकाशवाणीवर 'वनिता मंडळ'सारखे बायकांचे कार्यक्रमही घरोघरी ऐकले गेले. पण हे सगळं ज्याच्या घरी केंद्र नीट लागतं त्याच्यासाठी. लागतच नसेल तर?

माझे एक मामा तार खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्याकडे गेले. मामा खूश! निवृत्तीनंतर त्यांच्या विषयावर कुणी बोलायलाच येत नव्हतं. त्यांनी मला दोन तास बसवलं. त्यातलं मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

मिडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीला धरून जातात. वर आकाशात, फार उंचावर, विजेने भारलेल्या हवेचे थर असतात. दिवसा त्यातला खालचा थर या लहरी शोषून घेतो. रात्री तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर परत खाली येतात. आईची भुतं ती हीच. दूरचं दणकट केंद्र रात्री आपल्या दारात उतरतं आणि जवळच्या अशक्त केंद्राला दाबून टाकतं.

एफएमचं गणित वेगळं. त्या लहरी नजरेसारख्या सरळ जातात. डोंगर आला, मोठी इमारत आली की अडतात. आणि एफएमच्या रेडिओचा एक स्वभाव असा, की एकाच आकड्यावर दोन केंद्रं आली तर तो दोन्ही आवाज मिसळत नाही. जो जोरात असेल त्याला धरतो, दुसऱ्याला गिळून टाकतो. दोघं सारख्या जोराचे असतील तर मात्र घडीत हा, घडीत तो. नव्वदच्या आकड्यावरची लहर जेमतेम सव्वातीन मीटर लांब असते. म्हणून रेडिओ दोन पावलं सरकवला की एकाचा जोर कमी आणि दुसऱ्याचा जास्त होऊ शकतो. सासूबाईंनी रेडिओ देवळीतनं खिडकीत नेला तेव्हा झालं ते हेच.

"मग थंडीत जास्त का होतं?" मी विचारलं.

"तुमचं पाणी," मामा म्हणाले. थंडीच्या पहाटे खाली जड, गार हवा साचते आणि वर उबदार हवेचा थर बसतो. एरवी उलटं असतं. अशा वेळी एफएमच्या लहरी वर निघून जायच्या ऐवजी वाकून खालीच राहतात आणि लांब जातात. मोठ्या जलाशयावर मधे अडवायला काही नसतं, तिथे तर जास्तच. ऊन वर आलं, हवा ढवळली की सगळं मोडतं. म्हणून सकाळी लागणारं केंद्र नऊनंतर जातं. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी बघायला लोक ज्या धुक्यात येतात, त्याच धुक्याच्या दिवसांत हा खेळ चालतो म्हणायचा.

आता एकच आकडा दोघांना का, तेही ऐका. त्यासाठी जरा मागे जावं लागेल, आणि गंमत म्हणजे क्रिकेटपाशी जावं लागेल. १९९३ साली हीरो कपचे सामने झाले. ते टीव्हीवर दाखवायचा हक्क कुणाचा यावरून दूरदर्शन, केंद्र सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या खंडपीठावरचे आपले मराठी न्यायाधीश. न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती एकट्या सरकारच्या मालकीची नाही. क्रिकेटचे सामने बघताना नवऱ्यावर वैतागणाऱ्या मैत्रिणींनो, एवढं एक पुण्य त्या खेळाच्या पदरात घालाच. त्या निकालाच्या आधाराने पुढे लोकांनी रेडिओ मागितला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ पासून सामाजिक संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांनाही छोटं केंद्र काढायची परवानगी मिळाली. यालाच कम्युनिटी रेडिओ म्हणतात.

त्यात बायकांनी फार सुंदर काम केलेलं आहे. माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी केली, आणि २००८ मध्ये त्याच कामातून 'माणदेशी तरंग वाहिनी' निघाली. तेलंगणात, जहीराबादजवळच्या माचनूर गावात, दलित बायकांनी 'संगम रेडिओ' चालवला. ते चालवणाऱ्या दोघींचंही नाव नरसम्मा! त्यांचा स्टुडिओ नव्वदच्या दशकाअखेरीस युनेस्कोच्या मदतीने तयार होता, पण परवाना नव्हता. मग काय, बायका कार्यक्रम रेकॉर्ड करायच्या आणि कॅसेट गावोगाव नेऊन बैठकीत वाजवायच्या. जवळजवळ दहा वर्षं असं चाललं. १५ ऑक्टोबर २००८ ला त्यांचा आवाज हवेत गेला. आपल्या जत तालुक्यात जालिहाळची 'येरळावाणी', बारामतीत 'वसुंधरा वाहिनी' आणि कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' ही याच वाटेवरची.

या केंद्रांना ताकद किती? शंभर वॅट. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी! मनोरा जास्तीत जास्त तीस मीटर. आवाज जावा पाच-दहा किलोमीटर, थोडा फार इकडे तिकडे. आणि आकडे कोणते? सगळा एफएमचा पट्टा ८८ ते १०८. त्यात आकाशवाणी आहे, खासगी कंपन्या आहेत. खासगी आकड्यांचा लिलाव होतो, त्यातून सरकारला पैसा मिळतो. गरिबाच्या रेडिओला कोपऱ्यातली चिंचोळी पट्टी, बहुतेक नव्वद-एक्क्याण्णवच्या आसपासची. म्हणून येरळावाणीला ९१.२, शारदाला ९०.८, आणि वसुंधरा वाहिनीला ९०.४, माणदेशी तरंगला ९०.४, तिकडे संगम रेडिओलाही ९०.४. बारामती आणि म्हसवड यांच्यामध्ये साठ-एक किलोमीटरचं अंतर. शंभर वॅटच्या दोन केंद्रांना ते कागदावर भरपूर आहे. दोघांची वर्तुळं एकमेकांना शिवत नाहीत. यात कुणाची चूक नाही, हे आधी सांगते.

आमची गावं मात्र या कोणत्याच वर्तुळात नाहीत. आम्ही वर्तुळांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहतो. तिथे जे येतं ते उष्टं-खरकटं, वाऱ्यावर आलेलं. बुवा आणि पालकाची भाजी नेमकी कुठली, हे मला आजही पैजेवर सांगता येणार नाही. पण ज्या घरी ती येतात त्या घरच्या बाईला ती आपलीच वाटतात.

म्हणूनच तर भांडण लागलं. फेब्रुवारीच्या बैठकीत मी हा विषय काढला आणि गटात दोन तट पडले. एक बुवांचा, एक भाजीवालीचा. दोन्हीकडच्यांनी ठरवलं की आपल्या केंद्राला पत्र लिहायचं, 'त्या दुसऱ्यांना बंद करा' म्हणून. मी लिहायला बसले. पत्र लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की दोन्ही पत्रांतला मजकूर एकच आहे, फक्त नावं उलटी. तरी पाठवली. एका ठिकाणाहून फार प्रेमाने उत्तर आलं. तुम्ही ऐकता याचा आनंद आहे, पण तुमचं गाव आमच्या सेवाक्षेत्रात येत नाही, त्यामुळे तिथल्या अडथळ्याची तक्रार आम्हाला करता येत नाही. दुसरीकडून उत्तर आलं नाही.

मग मी आणखी एका कार्यालयात फोन केला. तिथल्या साहेबांनी विचारलं, "तुमचं केंद्र कोणतं?"

"आमचं केंद्र नाही. आम्ही ऐकणाऱ्या."

"मग तक्रारदार कोण?"

मला उत्तर सुचेना. नंतर मामांनी समजावलं. लहरींचा कारभार दिल्लीत दूरसंचार खात्याची एक शाखा बघते, १९५२ पासून. कुणाला कोणता आकडा, किती ताकद, किती उंच मनोरा, सगळं तिथे ठरतं. एका केंद्राचा दुसऱ्याला अडथळा झाला तर परवानाधारकाने तक्रार करायची, अधिकारी यंत्रं घेऊन मोजमाप करतात, निवाडा होतो. भांडण दोन केंद्रांमधलं. ऐकणारी बाई त्यात कुठे बसत नाही. जुन्या काळी निदान रेडिओचं लायसन असायचं, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि त्या पुस्तिकेवर तिकीट चिकटवायचं. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं, लोकांना बरं वाटलं. पण तेव्हा सरकारदप्तरी ऐकणाऱ्याचं नाव तरी होतं.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, बाईंना दुसरे उद्योग नाहीत. कीर्तन आणि पालकाची भाजी हा काय वर्तमानपत्रात लिहायचा विषय आहे? मलाही बैठकीपर्यंत तसंच वाटत होतं. भांडण ऐन रंगात आलं असताना मागे बसलेल्या एक मावशी, त्या कधीच बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "बुवा ऱ्हाऊ द्या आन् भाजी बी ऱ्हाऊ द्या. वाऱ्याचं कोन सांगतं का ते बगा."

सगळ्या गप्प झाल्या. कारण सगळ्यांना एकच दिवस आठवला.

२१ मे २०२४. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला प्रवासी बोट निघाली होती. संध्याकाळी अचानक वादळी वारा सुटला आणि बोट उलटली. सातपैकी एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यात आईबापांबरोबर निघालेली दोन लहानगी होती. धरण त्या वेळी उणेत गेलेलं होतं, तरी बुडायला पाणी पुरलं. उजनीच्या ११७ टीएमसीतलं ६३ टीएमसी तर मृतसाठाच आहे. पेपरात 'उणे' वाचणाऱ्या शहरातल्या माणसाला वाटतं, धरणात थेंब नाही.

बाहेरच्यांना प्रश्न पडतो, हे लोक बोटीने जातातच कशाला? नकाशा बघा म्हणजे कळेल. उजनीचं काम साठच्या दशकात सुरू झालं आणि १९८० मध्ये ते पुरं झालं. भीमेच्या काठची गावं उठली, जुनं पळसदेव पाण्यात गेलं. त्याआधी जी गावं नदी ओलांडून एकमेकांकडे सोयरिकी करत होती, त्यांच्यामध्ये कित्येक किलोमीटर पाणी आलं. समोर दिसणाऱ्या माहेरी सडकेने जायचं तर अख्खा वळसा. बोटीने अर्ध्या तासात. दवाखाना, बाजार, लग्नाची बोलणी, बाळंतपण, सगळं त्या बोटीवर. आणि पाण्याने जिल्हेही तोडले. पलीकडे इंदापूर म्हणजे पुणे जिल्हा, इकडे करमाळा-माढा म्हणजे सोलापूर, वरच्या अंगाला कर्जत म्हणजे अहिल्यानगर. आकाशवाणीवर हवामान सांगतात ते जिल्ह्याचं. वारा कुठे जिल्हा बघून सुटतो? बोट एका जिल्ह्यातून निघते आणि दुसऱ्यात लागते. मधल्या पाण्याचं हवामान कुणी सांगायचं?

मोबाईलवर इशारा येतो, हे मला माहीत आहे. पण मोबाईल कुणाच्या खिशात असतो ते वर लिहिलंच आहे.

मग आम्ही एक काम केलं. वही घातली. पंधरा दिवस, ज्या घरात रेडिओ आहे त्या घरच्या बाईने लिहायचं: वेळ, रेडिओ कुठे ठेवला होता, कोणता आकडा, काय ऐकू आलं. जिला लिहिता येत नाही तिच्या नातीने लिहायचं. त्या वह्या वाचणं हा माझा या वर्षातला सगळ्यात मोठा आनंद आहे. "आज भाजीवाली आली न्हाई. तिला बरं नसंल." "चार वाजता मोटार सुरू, रेडिओ बंद केला." "सारखं टिक टिक वाजतंय, घड्याळ न्हाई." हे टिक टिक काय ते मला कळेना. मामांनी ओळखलं. रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावतात ना, ते दर सेकंदाला एक झटका सोडतं आणि मिडियम वेव्हवर तो ऐकू येतो.

म्हणजे दोन केंद्रांचं भांडण राहिलं बाजूला, निम्मा अडथळा आमच्याच घरात आणि शिवारात होता. मोटारीचा स्टार्टर, मीटरची पेटी, स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर. या सगळ्यातून खरखर निघते. काठाला बघावं तिकडे मोटारी, पाणी उपसायला. बोर्डाजवळच्या खिळ्याला रेडिओ अडकवलेला असायचा आणि त्याच बोर्डात चार्जर खोचलेला. तो खिळा बदलला एवढ्यानेच चार-पाच घरांत फरक पडला.

मामांनी सांगितलेल्या आणखी दोन गोष्टी करून बघितल्या. एफएम ऐकताना एरियल पुरती ताणायची गरज नसते, ८० सेंटीमीटरच्या आसपास ठेवावी. ती मोडली असेल तर तेवढीच तार लावून खिडकीबाहेर सोडावी. आणि मिडियम वेव्हला एरियलचा उपयोग नसतो, त्याची कांडी आतच आडवी बसवलेली असते. म्हणून अख्खा रेडिओ गोल फिरवून बघायचा. एका दिशेला आवाज सगळ्यात चांगला येतो, एका दिशेला जवळजवळ नाहीसा होतो. नको असलेलं केंद्र त्या नाहीशा होणाऱ्या दिशेला धरायचं. हे सांगायला गेले तर एक आजी म्हणाल्या, "हे काय नवीन? मी तर सुपासारखाच फिरवते रेडिओ."

त्या पहाटेच्या घरी पुन्हा गेले तेव्हा तंटा मिटलेला होता. त्या घराची एक भिंत पत्र्याची आहे. लहरी पत्र्याला अडतात. सूनबाईंनी वहीत लिहिता लिहिता शोधून काढलं, की पत्र्याच्या आत चुलीपाशी ठेवला तर भाजीवाली लागते आणि पत्र्याच्या बाहेर ओट्यावर ठेवला तर बुवा. बाजारातून दुसरा रेडिओ आणला. आता पत्र्याच्या अलीकडे सून आणि पलीकडे सासू, दोघी आपापलं ऐकतात. सासूबाई म्हणाल्या, "पन आता करमत न्हाई वं. भांडायला कुनी न्हाई."

वाऱ्याचा प्रश्न मात्र असा पत्र्याने सुटणारा नाही. आमच्या वह्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. काठाच्या दोन्ही बाजूंना, दिवसभर, घरात आणि बोटीत, सारखं ऐकू येईल असं एकही छोटं केंद्र नाही. आकाशवाणी ऐकू येते, पण ती जिल्ह्याची, राज्याची. धरणातून पाणी सोडतात तेव्हा खालच्या गावांना सावध करतात. वरच्या, फुगवट्याच्या गावांचं काय, ती तर पाण्यातच राहतात.

मग साहजिकच विषय निघाला, आपणच का काढू नये? मी घाबरले. लाखांचा खर्च, परवाना, यंत्रं. पण माहिती काढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने कम्युनिटी रेडिओचे नियम सुधारले. केंद्राच्या सल्लागार आणि कार्यक्रम समितीत निदान निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, असं त्यात आलं. जाहिरातींचा वेळ तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेला, म्हणजे चार पैसे मिळायला वाव. ही समितीची अट मी वाचून दाखवली तेव्हा वाऱ्याच्या मावशी म्हणाल्या, "निम्म्या? बाकीचे निम्मे कुठनं आनायचे? गडी काय बैठकीला येत न्हाईत."

बचत गटाला परवाना मिळत नाही, नोंदणी झालेली संस्था लागते. तशी एक संस्था आमच्यासोबत यायला तयार आहे. परवाना मिळाला तरी आकडा कोणता मिळेल? तोच कोपरा, तेच नव्वद-एक्क्याण्णव. कुणीतरी म्हणालंच, "म्हंजे आता आपन बुवांवर चढनार का?" हसलो सगळ्या, पण मनात ते राहिलं. आपल्या आवाजाने लांबच्या कुणा बाईच्या स्वयंपाकघरातलं कीर्तन तुटलं, तर तिने तक्रार कुणाकडे करायची?

अर्ज अजून कच्चाच आहे. केंद्र कुठे उभारणार आणि कोणत्या समाजासाठी, हे त्यात लिहावं लागतं. परवा शाळेतला नकाशा मागून आणला, मुलीच्या कंपासने दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं. निम्म्याच्या आसपास निळंच आलं. मी म्हटलं, मनोरा जरा मागे, गावांकडे सरकवूया, म्हणजे जास्त घरं येतील, अर्जात बरं दिसेल. मावशींनी मान हलवली. कंपासचं टोक होतं तिथेच बोटाने दाबून धरलं.

गुरुवारी कळाशीकडच्या बायका बैठकीला येणार आहेत. त्यांच्या वह्या घेऊन, बोटीने. वारा नसला तर.